जुन्या मशीनची योग्य किंमत कशी ठरवावी? (नफा-तोटा : व्यवहारातला पाठ)



नफा-तोटा शिकवताना पुस्तकातली उदाहरणं मुलं पटापट सोडवतात. खरेदी किंमत दिलेली, विक्री किंमत दिलेली, वजाबाकी केली की झालं. पण विक्री किंमतच ठरलेली नसेल तर? ती ठरवायची कशी? आजच्या पाठात आपण हेच पाहणार आहोत.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील सुतारकाम करतात. एक दिवस शाळा सुटल्यावर ते आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही गणित शिकवता, एवढं सांगा. मोठ्या मुलीची ॲडमिशन आहे, मशीन विकायचंय. जुन्या मालाचा व्यापारी पंचवीस हजार म्हणतो. मी चार वर्षांपूर्वी साठ हजाराला घेतलंय. काय करू?"

मशीन होतं फेस्टूल या जर्मन कंपनीचं डॉमिनो डीएफ ५००. दोन फळ्या जोडायला हे वापरतात. त्याचं कटर गोल फिरता फिरता डावी-उजवीकडेही हलतं, म्हणून लाकडात लांबट खाच पडते. दोन्ही फळ्यांत अशी खाच पाडायची, त्यात सरस लावून चपटी लाकडी गुल्ली बसवायची, की पक्का सांधा तयार. पटाशीने जे काम करायला बराच वेळ लागतो, ते हे मशीन काही सेकंदांत करतं. म्हणूनच ते महाग असतं.

माझी चूक आधी सांगते

दुसऱ्या दिवशी मी हेच गणित फळ्यावर घेतलं. (आकडे पाठासाठी सोपे केले आहेत. दर बदलत असतात, त्यामुळे तुम्ही त्या दिवशीचा दर विचारूनच हिशोब करा.) आयकराच्या हिशोबात यंत्रसामग्रीवर साधारणपणे दरवर्षी १५ टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणून मी लिहिलं :

६०,००० → ५१,००० → ४३,३५० → ३६,८४७.५० → सुमारे ३१,३२०

म्हणजे चार वर्षांनी किंमत ३१,३२० रुपये. मी खडू ठेवला. तेवढ्यात त्याच मुलाने विचारलं, "बाई, पण नवीन मशीन आज कितीला मिळतं?"

खरंच की! घसारा हा कर भरण्यासाठीचा हिशोब आहे. विकत घेणारा माणूस आपलं चार वर्षांपूर्वीचं बिल बघत नाही. तो एवढंच बघतो की आज दुकानात गेलो तर किती पडतील. आणि आजची नवीन किंमत होती ८०,००० रुपये, जीएसटीसकट.

चला तर मग, आता पायरी पायरीने जाऊ.

पायरी १ : सुरुवात आजच्या किमतीपासून करा

खोक्यावर छापलेली किंमत धरू नका. दुकानदार प्रत्यक्ष ज्या किमतीला देतो ती धरा. आपल्या उदाहरणात ८०,०००.

पायरी २ : 'जुनं' असल्याची वजावट

जुन्या मशीनला वॉरंटी उरलेली नसते. आत किती झीज झाली ते पूर्ण दिसत नाही. ही जोखीम घेणारा उचलतो, म्हणून त्याला सूट मिळायलाच हवी. किती? याचा ठरलेला नियम नाही. रोज कारखान्यात चाललेल्या मशीनला जास्त, अधूनमधून वापरलेल्याला कमी. आपण ३० टक्के धरले : ८०,००० – २४,००० = ५६,०००.

हा अंदाज तपासायला जुन्या मशीनच्या जाहिराती बघा. पण लक्षात ठेवा, जाहिरातीतली किंमत ही मागितलेली असते, मिळालेली नसते. महिनाभर तीच जाहिरात दिसत असेल तर समजा, भाव जास्त आहे.

पायरी ३ : मशीन चालवून बघा

- प्लग काढून ठेवा आणि कटर हाताने हलवून बघा. ढिलं लागलं तर बेअरिंगचा खर्च आहे.
- चालू केल्यावर आवाज एकसारखा हवा. कार्बन ब्रशपाशी बारीक ठिणग्या चालतात. मोठ्या ठिणग्या किंवा जळका वास आला तर आर्मेचर तपासून घ्या.
- दोन फळ्यांत खाचा पाडा आणि जोडून बघा. वरची बाजू सपाट जुळली पाहिजे.
- खाचेची खोली बदलून बघा. या मशीनला १२, १५, २०, २५ आणि २८ मिमी अशा खुणा असतात.
- धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडून वापरलं होतं का, ते विचारा. नाहीतर भुसा आत साठतो.
- मशीन परदेशातून आणलेलं असेल तर व्होल्टेज वाचा. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि त्रास दोन्ही वजा करा.

आपल्या मशीनचा हिशोब : ब्रश आणि सर्व्हिसिंग ३,०००, बोथट कटर २,०००. आणि मशीन एकदा बाकावरून पडलं होतं, त्यामुळे पुढची टेकण-पट्टी थोडी हलत होती, तिचे ३,०००.

५६,००० – ८,००० = ४८,०००

पायरी ४ : सोबतचं सामान

दोन जादा कटर आणि गुल्ल्यांचा डबा. नवीन घेतलं तर ६,०००. पण घेणाऱ्याला ते सगळं लागेलच असं नाही, म्हणून निम्मे धरले.

४८,००० + ३,००० = ५१,००० रुपये

मग व्यापारी फसवत होता का?

मुलांनी लगेच "हो!" म्हटलं. पण थांबा. व्यापाऱ्याला दुकानाचं भाडं आहे, पैसे अडकतात, त्याला नफाही हवा. त्याने चौथा हिस्सा कापला तरी ३८,२५० देता येतात. पंचवीस हजार मात्र गरज बघून सांगितलेला भाव होता. घाई असलेल्या माणसाला हिशोब येत नसेल तर तो इथेच नाडला जातो.

आणि उलटी बाजूही बघा. एवढं चांगलं मशीन कुणी पंधरा हजाराला देत असेल तर आनंद मानू नका. बिल मागा, बिलावरचा आणि मशीनवरचा सिरीयल नंबर जुळवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा गुन्हा आहे, आणि ज्याचं मशीन गेलं त्याच्या चुलीचा प्रश्न असतो तो वेगळाच.

शेवटी काय झालं?

त्या वडिलांनी हा हिशोब कागदावर लिहून घेतला. ओळखीतला एक तरुण सुतार बघायला आला. यांनी आधीच सांगून टाकलं, "पडलंय एकदा, पट्टी हलते, त्याचे तीन हजार मी कापलेत." त्याने खाच पाडून पाहिली, कागद वाचला आणि पन्नास हजार दिले. फार घासाघीस झालीच नाही. मुलीची फी वेळेवर भरली गेली.

मी मुलांना एवढंच म्हटलं, योग्य किंमत ओळखायची एक सोपी खूण आहे. आपण घेणारे असतो तरी हाच हिशोब मांडला असता का? उत्तर 'हो' असेल तर भाव बरोबर आहे.

सरावासाठी

१) नवीन रंधा मशीन आज १२,००० रुपयांना मिळतं. जुन्याला २५ टक्के वजावट आणि नव्या पात्यांचे ८०० रुपये धरले तर योग्य किंमत किती?
२) घरातली एखादी जुनी वस्तू निवडा. चारही पायऱ्या वापरून तिची किंमत काढा, आणि प्रत्येक वजावटीचं कारण एका वाक्यात लिहा.

(पहिल्याचं उत्तर : ८,२०० रुपये. दुसऱ्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल, पण कारणं मात्र पटली पाहिजेत.)