ई-पुस्तकाची दलाली : माणसे नेमताना होणाऱ्या चुका

आपल्या कारागीर बंधूंमध्ये स्वतःचे पुस्तक स्वतःच काढण्याची आवड दिसू लागली आहे. कोणी टेलरमास्तर ब्लाउज-सलवारच्या कटिंगचे पुस्तक करतो, कोणी रंगारी रंगांच्या प्रमाणाचे. छपाई नाही, गोदाम नाही. मोबाईलवर वाचायचे ई-पुस्तक. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ पासून मिळू लागली. ते खपावे म्हणून विक्रीमागे कमिशन घेणारी माणसे नेमली जातात. त्यांना अॅफिलिएट म्हणतात. नाव नवे, धंदा जुना. उचगावला लागून असलेल्या गांधीनगरच्या घाऊक कापडबाजारात दलाल म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण ताग्यामागे पैशा-पैशाचा हिशेब करणारा माणूसही पुस्तकाच्या बाबतीत हिशेब विसरतो, कारण माल डोळ्यांना दिसत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक दराची. समजा, पुस्तकाची किंमत १०० रुपये आहे. किंडलवर लेखकाला ३५ किंवा ७० टक्के या दोनपैकी एका दराने रॉयल्टी मिळते. ३५ टक्क्यांत, करांचा विचार बाजूला ठेवला तरी, हातात ३५ रुपये येतात. आणि जोशात येऊन कमिशन कबूल केलेले असते ४० रुपये! म्हणजे प्रत्येक प्रतीमागे ५ रुपये खिशातून. जितका खप तितका तोटा. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये घालावे लागते. त्याची मुदत ९० दिवसांची असून तेवढ्या काळात ते पुस्तक डिजिटल स्वरूपात दुसरीकडे विकता येत नाही. तिकडे सही करायची आणि इकडे दलालांच्या हाती पीडीएफ द्यायची, हा सरळ करारभंग होय.

आणखी एक अडचण आहे. किंडलचा हिशेब लेखकाला किती प्रती गेल्या ते सांगतो, गिऱ्हाईक कोणी आणले ते सांगत नाही. मग चार दलाल एकाच विक्रीवर हक्क सांगतात आणि भांडणे होतात. म्हणून ज्याला स्वतःची माणसे नेमायची आहेत त्याने पुस्तक स्वतःच विकावे आणि प्रत्येकाला वेगळा कूपन कोड द्यावा. कोणत्या कोडवर किती विक्री झाली, याची खतावणी दर आठवड्याला त्यांना दाखवावी.

माणसे निवडतानाही डोळे दिपतात. ज्याच्यामागे हजारो लोक आहेत त्याला धरण्याची घाई होते. परंतु कटिंगचे पुस्तक घेणार कोण? शिंपी आणि शिवण शिकणाऱ्या मुली. ते येतात अस्तर-बटणांच्या दुकानात, शिवणवर्गात, मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे. अशी पाच माणसे पुरेत. त्यांना पुस्तक आधी फुकट वाचायला द्यावे. कापडाला हात न लावता कोणता दलाल माल दाखवतो?

तोंडी बोलीवर राहू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २३८ नुसार, एजंटाने नेमलेल्या कामाच्या ओघात गिऱ्हाइकाला खोटे सांगितले तर ते मालकानेच सांगितल्यासारखे धरले जाते. ‘महिन्यात मास्टर टेलर व्हा’ असे कोणी परस्पर लिहिले, तर वीस-पंचवीस वर्षांत कमावलेले मास्तरांचे नाव पणाला लागते. काय बोलायचे, काय नाही, हे कागदावर असावे. कमिशन घेऊन शिफारस करतो, हे दलालाने उघड सांगितले पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शिका काढली आहे. ‘नवा दलाल आण आणि त्याचे पैसे घे’ ही साखळी मात्र मुळीच नको. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी अशा पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे.

पैसे देण्याची तारीख ठरवून ती पाळावी. गिऱ्हाईक पैसे परत मागू शकते, म्हणून परतीची मुदत संपल्यावर कमिशन द्यावे, हे रास्तच. पण त्या सबबीवर तीन-तीन महिने टोलवणारे लोकही आपल्याच बाजारात आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कोणी फिरकत नाही. दलाली बंद करायची झाल्यास आगाऊ लेखी कळवावे, कोड कोणत्या दिवशी बंद होणार ते सांगावे आणि त्या दिवसापर्यंतच्या विक्रीचे पैसे चुकते करावेत.