गुप्त, गुह्य आणि गुज

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

बोलता बोलता आपण कधी 'गुपित' म्हणतो, कधी 'रहस्य' म्हणतो, कधी 'गुह्य' म्हणतो. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे, असे आपण धरून चालतो. परंतु शब्दाचेही माणसासारखेच असते. वरचे नाव काही असो, मूळ विचारले म्हणजे कूळ कळते. जगातल्या निरनिराळ्या भाषांनी लपवलेल्या गोष्टीला कोणकोणती नावे दिली, आणि ती देताना त्या त्या लोकांच्या डोळ्यांपुढे काय होते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. काय झाकावे आणि काय उघड करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो, आणि त्याचे बरेचसे उत्तर या शब्दांच्या पोटातच आहे.

प्रथम आपल्या घरचे पाहू. संस्कृतात 'गुह्' म्हणजे झाकणे. त्यापासून 'गुहा' आणि 'गुह्य'. डोंगराच्या पोटात असते ती गुहा; उपनिषदांनी हृदयालाही गुहाच म्हटले आहे. दुसरा धातू 'गुप्'. याचा अर्थ मात्र लपवणे नव्हे, तर राखणे. आजचे भाषाशास्त्रज्ञ सांगतात की आधी 'गोपा' म्हणजे गाई राखणारा हा शब्द होता आणि त्यावरून पुढे 'गुप्' हा धातू घडला. म्हणून चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने लपवलेला नव्हे; चंद्राने राखलेला. गुराखी गाईंभोवती कुंपण घालतो ते गाई कोणाला दिसू नयेत म्हणून नव्हे. त्या वाघाच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून. 'गुप्त' शब्दाच्या मुळाशी असा हातात काठी घेतलेला गुराखी उभा आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

तिसरा शब्द 'रहस्य'. 'रहस्' म्हणजे एकांत. अमरकोश म्हणतो, जे एकांतात घडते ते रहस्य. येथे झाकणेही नाही आणि राखणेही नाही; फक्त चार लोकांपासून बाजूला जाणे आहे. त्याच कोशाने 'उपनिषद्' या शब्दाचाही एक अर्थ रहस्य असा दिला आहे. चौथा 'मंत्र'. मंत्र् या धातूचा अर्थच पूर्वाचार्यांनी गुप्तपणे बोलणे असा सांगितला. राजाशी असे बोलतो तो मंत्री. कौटिल्याने अर्थशास्त्रात बजावले आहे की खलबताच्या जागी पोपट-साळुंक्या आणि कुत्रीसुद्धा असू नयेत, कारण त्यांच्याकडूनही मसलत फुटल्याचे ऐकिवात आहे! दोघांचे चार कान. तिसरा आला की सहा. म्हणून अजूनही आपण म्हणतो, 'गोष्ट षट्कर्णी झाली'.

आता गावाची वेस ओलांडू. फारसीत गुपिताला 'राज़' म्हणतात. हा आपल्या 'रहस्'चाच भाऊबंद मानतात. कसा? आपल्याकडे जिथे 'ह' तिथे इराणी भाषांत पुष्कळदा 'ज़' येतो. आपला 'बाहू' तो त्यांचा 'बाजू'. आपले 'हिरण्य' ते त्यांचे 'जर', जे पुढे आपल्याच जरीच्या पदरात येऊन बसले. तसेच 'रहस्' आणि 'राज़'. गुपितात वाटेकरी असलेल्या जिवलगाला ते 'हमराज़' म्हणतात.

पूर्वेकडे तर आपला शब्द समुद्र ओलांडून गेला. इंडोनेशियात आजही गुपिताला 'राहासिया' म्हणतात. ते आपले 'रहस्य'च. थायलंडात 'रहस्' हा शब्द 'रहत्' होऊन सांकेतिक अंकाला लागला, आणि पत्त्यावर लिहावयाच्या पिनकोडालाही तिथे 'रहत्'च म्हणतात. पोस्टमन रोज ज्याच्या आधाराने घर शोधतो, त्याचे नाव रहस्य! चीनमध्ये गुपिताला 'मीमी' म्हणतात. त्यातल्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ 'दाट' असाही होतो आणि 'निकटचे' असाही. दाट झाडीतले दिसत नाही, आणि निकटच्या माणसाला मात्र दिसते. दोन्ही अर्थ एका अक्षरात. बौद्ध ग्रंथांतले 'गुह्य' चिनी पंडितांनी याच शब्दांनी भाषांतरिले. जपानचा कूकाई नावाचा साधू इ. स. ८०४ मध्ये चीनला गेला आणि ८०६ मध्ये ती मंत्रविद्या घेऊन मायदेशी परतला. त्याच्या पंथाचे नाव 'शिंगोन', आणि तो 'मंत्र' याच शब्दाचा अनुवाद आहे.

युरोपात निराळी चित्रे दिसतात. इंग्रजी 'सीक्रेट' हा लॅटिनमधून आला. 'से' म्हणजे वेगळे आणि 'केर्नेरे' म्हणजे चाळणे. पीठ खाली पडते, कोंडा चाळणीत राहतो. तसे निवडून बाजूला ठेवलेले ते सीक्रेट. 'सेक्रेटरी' म्हणजे मुळात गुपित सांभाळणारा. आता गंमत पाहा. मुंबईच्या मंत्रालयात मंत्री बसतात आणि सेक्रेटरी बसतात. एकाचे नाव संस्कृत, दुसऱ्याचे लॅटिन. पण दोघांच्याही नावाच्या मुळाशी गुपितच. मंत्र्याला पदाची आणि गोपनीयतेची शपथ घ्यावी लागते. आणि त्याच दारात साध्या शेतकऱ्याला कागद मागता यावा, म्हणून २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा करावा लागला.

ग्रीक लोकांचा शब्द 'मुस्तेरिओन'; त्याचेच इंग्रजी 'मिस्टरी' झाले. त्याच्या मुळाशी मिटणे आहे, डोळे मिटणे किंवा ओठ मिटणे. आपल्या 'मूक' शब्दाशी त्याचे नाते विद्वान जोडतात. 'मू' म्हणून पाहा, ओठ मिटल्याशिवाय म्हणताच येत नाही! अथेन्सजवळ इल्यूसिस येथे जी दीक्षा होत असे, ती घेणाऱ्याने आत काय पाहिले ते बाहेर बोलावयाचे नसे. इ. स. पू. ४१५ मध्ये अल्किबियादीस या नामांकित सेनानीवर त्या विधीची विटंबना केल्याचा आरोप आला आणि त्याला देश सोडून पळावे लागले. ओठ इतके घट्ट मिटले गेले, की त्या विधीत नेमके काय चाले ते आजही पुरते उलगडलेले नाही. विधी गेला, देऊळ गेले, आणि आतले ज्ञानही बरोबर गेले.

जर्मन लोक गुपिताला 'गेहाइमनिस' म्हणतात. त्यात 'हाइम' म्हणजे घर. घरचे ते गुपित. आपणही म्हणतो ना, 'घरातले घरात राहू द्या'? उत्तर युरोपातल्या जुन्या अक्षरांना 'रून' म्हणत. या शब्दाचा जुना अर्थ गुपित, आणि जर्मनमध्ये 'राउनेन' म्हणजे अजूनही कुजबुजणे. यहुद्यांच्या हिब्रू भाषेत 'सोद' म्हणजे गुपित आणि 'सोद' म्हणजेच जिवलगांची सभा. अगदी आपल्या मंत्रासारखे. अरबीत 'सिर्र', आणि तोच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्वाहिलीत 'सिरी' झाला.

येथवरची सगळी नावे कशी सोज्ज्वळ आहेत. कोणी झाकतो, कोणी राखतो, कोणी निवडतो, कोणी ओठ मिटतो. पण एक नाव उरले आहे. रशियन भाषेत गुपिताला 'ताइना' म्हणतात, आणि त्याचे मूळ आपल्या वैदिक 'तायु' शब्दाशी आहे. तायु म्हणजे चोर. ऋग्वेदात सूर्योदयाचे वर्णन आहे. सूर्य उगवताच नक्षत्रे तायूंसारखी पाय काढता घेतात असे ऋषी म्हणतो. इंग्रजांचेही तसेच. 'स्टील' म्हणजे चोरणे, आणि 'स्टेल्थ' म्हणजे गुपचूपपणा. आणि आपली मराठी काय म्हणते? चोरवाट, चोरदरवाजा, चोरकप्पा! 'चोरून पाहिले' म्हणजे कोणाच्या नकळत पाहिले.

तेव्हा माउली, गुपिताला दोन बाप आहेत. एक गोपा आणि दुसरा तायु. एक गुराखी आणि दुसरा चोर. बाहेरून दोघांचेही सारखेच दिसते. दोघेही अंधारात जागतात, दोघेही आवाज होऊ देत नाहीत. भेद कशावरून ओळखावा? या झाकणाखाली कोण वाचते आहे ते विचारावे. गाय वाचते आहे की चोर वाचतो आहे?

नुसत्या नावावर जाऊ नये. वारीच्या गर्दीत आपण बंडीला आतून शिवून घेतो तो चोरखिसा. नाव चोराचे, पण काम गुराख्याचे. परतीच्या भाड्याचे चार पैसे तो राखतो. उलट कित्येक गोष्टींना आपण प्रतिष्ठेने 'गोपनीय' म्हणतो आणि आत चोर निजलेला असतो.

आता व्यवहार पाहू. दिंडीत चालता चालता एखादी बाई आपल्या मुलीचे दुःख आपल्यापाशी सांगते. ते आपण पोटात ठेवावे. ते पुढच्या मुक्कामावर बोलून दाखवणे म्हणजे कुंपण मोडून दुसऱ्याची गाय वाघाला घालणे. येथे मौन हाच धर्म.

दुसरे. घरचा कर्ता पुरुष कर्जात रुतलेला असतो आणि बायकोला, भावाला, पोराला कळू देत नाही. म्हणतो, 'घरची अब्रू जाईल.' पण जर्मनांचा शब्द आठवा. घराला ठाऊक असते ते गुपित. घरापासूनच लपवलेले ते घरचे कसे म्हणावे? त्या झाकणाखाली वाचतो कोण? तो स्वतः नव्हे, मुलेबाळेही नव्हेत. वाचते फक्त कर्ज, आणि ते अंधारात वाढत जाते. अशी किती घरे उघडी पडली ते महाराष्ट्राने पाहिले आहे. माउली, असे ओझे असेल तर ते आज रात्री जेवणाच्या ताटावर घरच्यांना सांगा. सांगितल्याने कर्ज फिटत नाही, पण ते उचलायला चार खांदे लागतात.

तिसरे सांगताना जीभ जड होते, तरी सांगितले पाहिजे. एखादा मोठा माणूस लहान लेकराला म्हणतो, 'हे कोणाला सांगू नकोस हं.' तो नातलग असो, शेजारी असो, नाहीतर गळ्यात माळ घातलेला असो. लेकराच्या तोंडावर हात ठेवणारे गुपित हे चोराचेच. लेकरांना आपण हरिपाठ शिकवतो, त्याबरोबर एवढेही शिकवावे की आईपासून लपवावे लागेल असे गुपित कोणाचेही राखायचे नाही.

चौथे. कोणी बुवा येतो आणि कानात सांगतो, 'माझ्यापाशी गुप्त मंत्र आहे. इतके रुपये ठेव, आणि कोणाजवळ बोललास तर फळ जाईल.' येथे दुसऱ्याला न सांगण्याची अट कोणाला वाचवते? मंत्राला नव्हे, बुवाला. बोललात तर पाचजण मिळून हिशेब विचारतील, याची त्याला भीती.

येथे कोणी शंका घेईल: महाराज, मग शास्त्रात गुह्य कशाला सांगितले? गीतेच्या नवव्या अध्यायाचे नावच राजविद्याराजगुह्ययोग आहे. तामिळ भाषेत तर वेदालाच 'मऱै' म्हणतात, म्हणजे लपलेले. मग सगळे चव्हाट्यावर मांडावे काय?

समाधान असे. बी मातीत झाकतात ते उगवावे म्हणून. शिष्याची तयारी होईपर्यंत गुरू थांबतो, ते राखणे. पण तयार झालेल्यालाही द्यायचे नाही, ती कोठारातली साठेबाजी. याविषयी श्रीवैष्णव परंपरेत रामानुजाचार्यांची कथा सांगतात. श्रीरंगमहून तिरुकोष्टियूरला ते अठरा वेळा पायी गेले, तेव्हा कुठे गोष्ठीपूर्ण गुरूंनी त्यांना अष्टाक्षरमंत्राचा अर्थ सांगितला. आज्ञा केली की हे कोणाला सांगू नये. सांगशील तर नरकात जाशील. रामानुजांनी काय केले? देवळाच्या उंच जागी चढून, जमलेल्या सगळ्या लोकांना तो मोठ्याने सांगितला. गुरू संतापले. रामानुज म्हणाले, मी एकटा नरकात जाईन, पण इतके जीव तरतील; हा सौदा मला मान्य आहे. गुरूंचा राग जागच्या जागी विरला आणि त्यांनी शिष्याला पोटाशी धरले.

त्याच तामिळ देशात चिदंबरम् येथे नटराजाच्या बाजूला एक पडदा आहे. त्याला चिदंबररहस्य म्हणतात. पडदा सारला की मूर्ती दिसत नाही. सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा लोंबताना दिसतात आणि मागे मोकळे आकाश. सगळ्यांच्या डोक्यावर जे रोज उघडे आहे, तेच पडद्याआड आहे!

आता परत आपल्या घरी येऊ. संस्कृत 'गुह्य' प्राकृतात 'गुज्झ' झाले आणि मराठीत 'गुज' झाले; जसे 'मह्यम्'चे 'मज्झ' आणि पुढे 'मज'. वाटेत रूप बदलले तसा अर्थही बदलला. गुह्य म्हणजे जे झाकायचे; आणि गुज म्हणजे जे जिवलगाला सांगायचे. त्याला 'हित' जोडून 'हितगुज' झाले. हितगुज कोणी लपवत नाही, हितगुज करतात. संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांनी गुपिताला झाकण घातले, भिंत घातली, कुलूप घातले. मराठीने त्याला बोलके केले.

आणि असे होणे साहजिकच होते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानोबारायांनी नेवाश्यात गीतेचे राजगुह्य मराठीत उघडून ठेवले. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, तो त्यांनी आपल्याच अभंगात जगाला सांगून टाकला. म्हणून आपला मंत्र टाळमृदंगाच्या गजरात, भर रस्त्यात, हजारोंच्या कानी पडतो. षट्कर्णी झाला म्हणून त्याचे फळ गेले नाही. उलट कान वाढले तसा तो वाढला.

सारांश एवढाच. दुसऱ्याचे दुःख गुप्त असावे, म्हणजे राखलेले. स्वतःचे ओझे गुज व्हावे, म्हणजे आपल्या माणसाला सांगितलेले. आणि जे तायूचे असेल, त्यावर सूर्य उगवू द्यावा. पुढच्या वेळी कोणी कानाशी लागून 'कोणाला सांगू नका' म्हणाला, तर आधी मनात विचारा: आत गाय आहे की चोर?

रामकृष्ण हरि.