४५ गुणसूत्रे, तरीही निरोगी?

प्रश्न : माझे दोन गर्भपात झाले. कॅरिओटाइप तपासणीत माझी ४५ गुणसूत्रे निघाली. १४ आणि २१ क्रमांकाची जोडली गेली आहेत म्हणे. मला काही आजार आहे का?

उत्तर : नाही, ताई. आणि गर्भपातांत तुमचा काहीही दोष नाही, हे घरच्यांनाही स्पष्ट सांगा.

या तपासणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन-तीन दिवस वाढवतात, विभाजन ऐन मध्यावर आलं की थांबवतात आणि गुणसूत्रं रंगवून त्यांच्या पट्ट्यांवरून जोड्या लावतात. माणसात ती ४६ असतात, हे १९५६ साली त्जिओ आणि लेवान यांनी दाखवलं. तुमची दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली, म्हणून मोजणी ४५ भरली. जोडताना गळालेल्या आखूड भुजांवरची महत्त्वाची जनुकं १३, १५, २२ या गुणसूत्रांवरही असतात. त्यामुळे तुमचं काही अडत नाही.

अडचण येते ती बीजांड तयार होताना. वाटणी चुकली तर गर्भात एखादं गुणसूत्र कमी किंवा जास्त होतं. असे बहुतेक गर्भ टिकत नाहीत. २१वं जास्त असलेला मात्र टिकू शकतो. त्या बाळाला डाउन सिंड्रोम असतो. आई वाहक असेल तर ही शक्यता साधारण १० ते १५ टक्के, वडील असतील तर खूपच कमी. निरोगी बाळ होण्याची शक्यता तुमच्या बाबतीतही चांगली आहे.

पुढच्या गर्भधारणेआधी जनुकीय समुपदेशकांना भेटा. गर्भजलाची तपासणी साधारण सोळाव्या आठवड्यात करता येते. तुमच्या सख्ख्या भावंडांनीही कॅरिओटाइप करून घ्यावा.