कमांडोंची हौस आणि पायदळाचा हिशोब

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा कॉम्प्युटर गेम खेळायला बसलेल्या माणसाच्या हाती १९३६ सालचा देश येतो तेव्हा रायफली पुरेशा नसतात, तोफा त्याहून कमी असतात आणि सीमेकडे जाणारा लोहमार्ग बऱ्याचदा मधेच संपलेला असतो. तरीही त्याचे बोट पहिले जाते ते मरीन आणि पॅराट्रूपरच्या संशोधनावर. हौस समजण्यासारखी आहे. किनाऱ्यावर मरीन आणि डोंगरात माउंटेनीअर साध्या पायदळाला मागे टाकतात हे आकड्यांतच दिसते, शिवाय नकाशावर त्यांचा रुबाब वेगळा. माझा विरोध मरीन, पॅराट्रूपर, माउंटेनीअर अशा विशेष दलांना नाही, या हौसेला आहे. या गेममध्ये मोहिमा फसतात त्या कमांडो कमी पडले म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा साध्या डिव्हिजनी आतून पोकळ असतात. विशेष दल दार उघडून देते. आत शिरून मुलूख धरून ठेवणारे सैन्य मागे उभे नसेल, तर उघडलेले दार शत्रू दुसऱ्या दिवशी लावून घेतो.

डिव्हिजन पोकळ का होते हे गेम फार प्रामाणिकपणे दाखवतो, फक्त बघणारा हवा. पायदळाच्या एका बटालियनला १००० माणसे लागतात आणि आघाडीवर ती २ एवढी रुंदी व्यापते. तोफखान्याची बटालियन ३ रुंदी घेते, मारा भरपूर करते, पण तग धरण्याची ताकद, म्हणजे खेळाडू जिला ‘ऑर्ग’ म्हणतात ती, तिच्याकडे नसतेच. आणि डिव्हिजनची ऑर्ग ही सगळ्या बटालियनींची सरासरी असते. खरी गोम इथे आहे. सात पायदळी आणि दोन तोफखान्याच्या बटालियनी मिळून २० रुंदीची डिव्हिजन होते. ती लोकांनी वर्षानुवर्षे डोळे मिटून वापरली, कारण मारा आणि तग यांचा मेळ तिच्यात बरा बसतो. तिच्यात आणखी तीन तोफखाने कोंबले की टेम्प्लेटच्या, म्हणजे डिव्हिजनच्या आराखड्याच्या, रकान्यात सॉफ्ट अटॅक (पायदळावरचा मारा) फुगलेला दिसतो, आणि प्रत्यक्ष लढाईत ऑर्गची हिरवी पट्टी बघता बघता तळाला जाते. बचावाचेही तसेच. बचावाचे गुण शिल्लक असतात तोवर शत्रूच्या दहा घावांतला एक बसतो. ते संपले की दहातले चार. म्हणजे थोडा कमी पडलेला बचाव थोडाच महागात पडतो असे नाही, तो एकदम चौपट महागात पडतो. २०२१ च्या ‘नो स्टेप बॅक’ या विस्ताराने भूप्रदेशाप्रमाणे आघाडीची रुंदी बदलली आणि नंतरच्या अपडेटांनी ते आकडे पुन्हा हलवले, त्यामुळे एखादे टेम्प्लेट पाठ करून ठेवण्यात आता राम नाही. सरासरीचा नियम मात्र जागचा हललेला नाही.

या हिशोबात विशेष दल बसवून पाहा. त्याला प्रशिक्षणाला जास्त दिवस लागतात, हत्यारेही साध्या पायदळापेक्षा जास्त लागतात, आणि त्याची मर्यादा तुमच्या एकूण बटालियनींच्या प्रमाणात ठरते. गेम बनवणाऱ्यांनी ही मर्यादा उगाच घातलेली नाही: आधी पाया रुंद करा, मग वर मनोरा चढवा, हेच ती सांगते. पण खेळाडू ती मर्यादा म्हणजे भरून काढायचा कोटा समजतो. मग मरीनच्या डिव्हिजनी तयार झाल्या की त्या इतरांबरोबर एकाच आघाडीच्या रेषेवर टाकल्या जातात, बॅटल प्लॅन सुरू होतो आणि चिखलातल्या, नदीकाठच्या, कुठल्याही फुटकळ हल्ल्यात त्या झिजत जातात. नुकसान भरून काढायला येणारी माणसे अननुभवी असतात, त्यामुळे वर्षभरात कमावलेला अनुभव महिन्याभरात पातळ होतो. फील्ड हॉस्पिटलची जोड दिली तर ही गळती कमी होते, थांबत नाही. शेवटी किनारा समोर येतो तेव्हा हातात नावापुरते मरीन उरलेले असतात.

हे सगळे गेमच्या आकड्यांचे खेळ आहेत, खऱ्या युद्धात असे होत नाही, असा एक आक्षेप नेहमी येतो. माझ्या मते उलट आहे. इथे आकडे इतिहासाच्या मागे चाललेले आहेत. २० मे १९४१ ला जर्मन छत्रीधारी क्रीट बेटावर उतरले. पहिल्या दिवशी त्यांची कत्तल झाली. पुढे मालेमेचा विमानतळ हाती आला आणि वाहतूक विमानांतून पाचव्या माउंटन डिव्हिजनचे सैनिक येऊ लागले, तेव्हा कुठे पारडे फिरले. बेट मिळाले, पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर छत्रीधाऱ्यांची मोहीम जर्मनीने पुन्हा काढली नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये आर्नेमला ब्रिटिशांच्या पहिल्या एअरबोर्न डिव्हिजनची सुमारे १०,००० माणसे ऱ्हाइनपलीकडे उतरली. रणगाडे घेऊन येणारे साधे सैन्य एकाच चिंचोळ्या रस्त्यावर अडकले, वेळेत पोहोचले नाही, आणि नदी ओलांडून जेमतेम चौथा हिस्सा परत आला. तिथल्या पुलाचा उत्तरेकडचा काठ काही दिवस धरला होताच की! धरला कोणासाठी, एवढाच प्रश्न. ब्रह्मदेशचे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. १९४३ मध्ये ब्रिटिश सेनानी विंगेटच्या चिंडिट दलातले सुमारे ३,००० लोक जपानी रेषेमागे गेले, त्यातले आठशेच्या आसपास परतले नाहीत. १९४४ साठी हे दल वाढवायचे ठरले तेव्हा माणसे आणली कुठून, तर टोब्रुकमध्ये लढून आलेली ब्रिटिशांची ७० वी डिव्हिजन मोडून. चौदाव्या सैन्याचा सेनापती विल्यम स्लिम याने पुढे आपल्या आठवणींत अशा खास दलांवर कडक टीका केली. चांगली माणसे उचलून एका कोपऱ्यात जमा केली की बाकीच्या सैन्याची सरासरी घसरते, हा त्याच्या टीकेचा गाभा होता. टेम्प्लेटच्या खिडकीत दिसते ती सरासरी आणि स्लिमने सांगितलेली सरासरी, दोन्ही एकाच जातीच्या आहेत.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. १९४४ मध्ये मॉन्टे कॅसिनोला जर्मनांच्या पहिल्या पॅराशूट डिव्हिजनने ढिगाऱ्यांत राहून, निव्वळ पायदळ म्हणून, दोस्तांना आठवडेच्या आठवडे रोखले. आपल्याकडचा दाखला हवा तर मार्च १९४४ मधले सांगशाक आहे: मणिपुरात उखरुलजवळ ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांना सुमारे आठवडाभर अडवले. मग विशेष दल साध्या आघाडीवर वाया जाते असे कसे म्हणावे? वाया जाते असे मी म्हणतही नाही. ते चांगलेच लढते. प्रश्न इतकाच की त्या लढाईत छत्रीचा काय उपयोग झाला. सांगशाकला त्या ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियनही त्याच खंदकांत होती, आणि ती साधे पायदळच होती. इटलीत १० जुलै १९४४ ला मशीनगनचे ठाणे एकट्याने घेताना धारातीर्थी पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे त्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे, म्हणजे तेही पायदळाचेच. शौर्य विशेष दलाच्या बिल्ल्यावर अवलंबून नसते हे तर झालेच. गेमच्या भाषेत सांगायचे तर, बचावासाठी जे काम साधी डिव्हिजन खंदक खणून आणि सप्लाय पोटभर मिळाल्यावर करते, त्यासाठी महागडी डिव्हिजन खर्चणे परवडत नाही. अडचणीत सापडलात तर जरूर वापरा. योजनाच तशी आखू नका.

माझ्या नियमाला अपवाद आहेत आणि ते किरकोळ नाहीत. जपान घेतलात तर बेटांमागून बेटे घ्यायची आहेत, तिथे मरीन हीच मुख्य फौज ठरू शकते आणि मर्यादा काठोकाठ भरणे शहाणपणाचे आहे. डोंगराळ सीमा असलेल्या छोट्या देशाला माणसेच मोजकी असतात. आघाडी अरुंद, रस्ते वाईट, त्यामुळे तिथे माउंटेनीअरच्या चार डिव्हिजनी साध्या आठांना भारी पडतात. पण सोव्हिएत संघ किंवा जर्मनीसारखा लांबलचक सीमेचा देश घेऊन कोणी हाच युक्तिवाद करू लागला, की समजावे हौस पुन्हा डोके वर काढते आहे.

ज्याला नियम पाळून खेळायचे आहे त्याने आधी सप्लायचा नकाशा उघडावा. डिव्हिजनच्या चिन्हावरची नारिंगी पट्टी, म्हणजे प्रत्यक्ष बळ, सगळ्या आघाडीवर भरलेली दिसेपर्यंत विशेष दलाची एकही नवी तुकडी प्रशिक्षणाला घालू नये. घालाल तेव्हा ती कोणत्या बंदरासाठी, कोणत्या खिंडीसाठी, हे आधी ठरवा. उत्तर नसेल तर ती तुकडी नकोच. तयार झाल्यावर तिला वेगळा जनरल द्या आणि आघाडीच्या सरसकट आदेशापासून दूर ठेवा, नाहीतर कॉम्प्युटर तिला पहिल्याच भोकात बूच म्हणून बसवतो. आरमारी चढाईच्या यादीत पहिल्या लाटेत मरीन, आणि त्याच बंदरासाठी मागे किमान दुप्पट साधे पायदळ, हे प्रमाण मला भरवशाचे वाटते. किनाऱ्यावर उतरून बंदर मिळाले नाही तर काही काळात उपासमार सुरू होते; तेव्हा उतरण्याची जागा समोरच्या शत्रूच्या कमी डिव्हिजनी बघून नव्हे, बंदर किती जवळ आहे ते बघून निवडा. बंदर पडले, पहिली साधी डिव्हिजन धक्क्याला लागली, की मरीन त्याच दिवशी मागे घ्या आणि त्यांची भरती होऊ द्या. पॅराट्रूपरचे काम संपले असेल आणि माणसांची टंचाई जाणवत असेल, तर त्या डिव्हिजनी सरळ मोडा. माणसे आणि हत्यारे साठ्यात परत जमा होतात, आणि त्यांची वाट पाहणाऱ्या अर्धपोटी डिव्हिजनी नकाशावर शोधाव्या लागत नाहीत. टेम्प्लेट तेवढे पुसू नका. ते बनवायला खर्ची पडलेली आर्मी एक्सपी (लष्करी अनुभवाचे गुण) परत मिळत नाही.