हंगाम संपला, आता पाय जपा

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम थंडीत कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगनं सुरू होतो आणि एकामागोमाग एक स्पर्धा होत वळवाच्या पावसापर्यंत चालतो. मग शाहू स्टेडियम शांत होतं आणि पेठापेठांतली पोरं मोकळी होतात. मी आधी तालमीच्या संघातून खेळलो, आता तिथल्याच मुलांचा सराव घेतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: खेळाडूचं पुढचं वर्ष कसं जाणार, हे बरंचसं या मोकळ्या महिन्यांत ठरतं. त्या अनुभवातून हाती लागलेल्या या काही गोष्टी.

१. आधी खरोखर थांबा

शेवटच्या सामन्यानंतर दोन आठवडे चेंडूला पाय लावायचा नाही, असा मी मुलांना नियम घालून दिला आहे. ‘दादा, टर्फवर नुसतं गंमत म्हणून खेळतो की,’ असं ती म्हणतात. पण दोन गोल अंगावर बसले की ईर्षा पेटते आणि थकलेला पाय पुन्हा पणाला लागतो. व्यावसायिक खेळाडूंना वर्षातून सलग चार आठवडे सुट्टी मिळावी, अशी फिफप्रो या त्यांच्या जागतिक संघटनेची मागणी आहे. आमची मुलं नोकरी, कॉलेज सांभाळून उन्हातान्हात कडक मैदानावर खेळतात. त्यांना विश्रांतीची गरज कमी कशी असेल?

२. दुखणं आत्ताच दाखवा

हंगामात गुडघा सुजला तर बर्फ लावायचा, स्प्रे मारायचा, क्रेप बँडेज आवळायचं आणि मैदानात उतरायचं, हे घरोघरी चालतं. हंगाम संपला की वेदना कमी होते आणि दुखापत बरी झाली असं वाटतं. घोटा वारंवार मुरगळत असेल, वळताना गुडघा निसटल्यासारखा वाटत असेल किंवा जांघेत कळ येत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना याच दिवसांत दाखवा. ताज्या सुजेवर जोरात मालिश नको. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली असेल, तर साधारण नऊ महिन्यांच्या आत सामना खेळू नये असं तज्ज्ञ सांगतात. संघाला कितीही गरज असली तरी त्यात सूट मागू नये.

३. थांबणं म्हणजे लोळणं नव्हे

पूर्ण बंद ठेवलं तर दम फार लवकर उतरतो. चार आठवड्यांच्या आतच शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता जाणवण्याइतकी घटते. ताकद त्या मानानं जास्त दिवस टिकते. म्हणून दोन आठवड्यांनंतर अंग हलतं ठेवायचं. सकाळी रंकाळा तलावाला चालत फेरी मारा, सायकल चालवा, जलतरण तलावात पोहा. पोहताना गुडघ्या-घोट्यांवर भार येत नाही आणि दमही टिकतो. श्वास लागावा, पण शेजारच्याशी बोलता यावं, एवढ्याच वेगानं आठवड्यातून तीन-चार वेळा पुरे. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला बरीच मुलं जातात. ज्याचे पाय धड आहेत त्यानं जरूर जावं. घोटा दुखावलेल्यानं मात्र त्या निसरड्या दगडांवर जाऊ नये.

४. पावसाळ्यात ताकद कमवा

बाहेर पाऊस आणि आत तालीम, यापेक्षा चांगली सोय कुठं मिळणार? आमचे संघच तालमींचे. जोर-बैठका तर माराव्यातच, पण फुटबॉलपटूला मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची, वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यासाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. चटईवर गुडघे टेकून ताठ उभं राहायचं. जोडीदारानं मागून दोन्ही घोटे दाबून धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून सावकाश पुढं झुकत जायचं. कंबरेत वाकायचं नाही. तोल सुटेल तिथं हात टेकायचे, हातांनीच रेटा देऊन परत वर यायचं. सुरुवातीला चार-पाच वेळा केलं तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात. म्हणून हा व्यायाम हळूहळूच वाढवायचा. जे संघ हा नेमानं करतात त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर येतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, फक्त जोडीदार लागतो.

५. ताट आणि झोप सांभाळा

आषाढात घरोघरी मटण शिजतं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगती उठतात. ते मनापासून खावं. फक्त रोजचं धावणं थांबलेलं असताना ताट हंगामातलंच ठेवलं, तर वजन चढतं आणि दिवाळीनंतर तेच गुडघ्यांवर येतं. भाकरी-भात थोडा कमी करा. दूध, अंडी, डाळी, उसळी कमी करू नका. गणपतीत जागरणं होतात, ती समजण्यासारखी आहेत. एरवी मात्र आठ तास झोप घ्या. स्नायूंची डागडुजी बरीचशी झोपेत होते.

६. मनालाही सुट्टी द्या

पेठेची ईर्षा मोठी असते. फायनलमध्ये पेनल्टी हुकवलेल्या मुलाला महिनाभर गल्लीत तेच ऐकावं लागतं. अशा वेळी त्याला घेऊन दुसरंच काहीतरी करावं. बॅडमिंटन खेळा, गावाकडं रोपलावणीला जा. फुटबॉलवाचूनही आपण कुणीतरी आहोत, हे त्याला कळलं की तो पुन्हा आनंदानं खेळायला येतो.

७. परतताना घाई नको

हंगामाच्या सहा आठवडे आधी धावणं सुरू करा. आधी संथ, मग मध्यम, शेवटी पूर्ण वेगाच्या छोट्या धावा. सरावाआधी फिफा ११+ हा वीस मिनिटांचा कार्यक्रम आठवड्यातून किमान दोनदा करा. त्यात धावणं, तोल, उड्या, पोटा-पाठीची ताकद, सगळं येतं.

शेवटचं सांगणं तालमींच्या कारभाऱ्यांना. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. तसं स्वप्न पाहणारी पोरं प्रत्येक पेठेत आहेत. स्पर्धेला, जर्सीला, मिरवणुकीला आपण सढळ हातानं खर्च करतो. त्यातला थोडा भाग पावसाळ्यात एका चांगल्या फिजिओथेरपिस्टसाठी राखून ठेवा. पोरं आणखी चार वर्षं जास्त खेळतील.