घरातील संगीत आणि स्पीकरची निवड

प्रस्तावना

कलकत्त्यात 1902 साली गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा कलावंताला एका मोठ्या भोंग्यासमोर उभे राहून गावे लागे. घरी ते ऐकणाऱ्यालाही भोंगाच पुरेसा असे. निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. आज मात्र बाजारात साधने इतकी आहेत की सामान्य श्रोता गोंधळून जातो. घरी गाणे ऐकण्यासाठी स्पीकर आणि ॲम्प्लिफायर कसे निवडावेत, याचा विचार या पाठात केला आहे.

मूळ पाठ

एखादे गृहस्थ निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने स्पीकरची जोडी विकत घेतात. दुकानात ऐकलेले गाणे स्वच्छ, भरदार आणि मोकळे वाटलेले असते. घरी आणून कपाटाशेजारच्या दोन कोपऱ्यांत स्पीकर ठेवले जातात, आणि पहिल्याच रात्री विरस होतो. डग्ग्याचा प्रत्येक ठोका घुमतो. तंबोरा त्यात बुडून जातो आणि गायकाच्या शब्दांवर कोणी जाड पांघरूण टाकल्यासारखे वाटते. दुकानदाराने फसवले, असा गृहस्थांचा समज होतो. बहुधा तसे झालेले नसते. त्यांनी स्पीकर घरी आणले. दुकानातली खोली घरी आणता येत नाही.

ध्वनीच्या बाबतीत खोली हेही एक वाद्यच आहे. उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 350 मीटर वेगाने जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुप्पट तरंगलांबी असलेला नाद त्या भिंतींमध्ये अडकून बळावतो. खोली साडेतीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असेल, तर ती 50 आणि 70 हर्ट्झच्या आसपास घुमणार, हे साध्या भागाकाराने काढता येते. आता काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार घेऊ. तिची वारंवारता जवळजवळ 70 हर्ट्झच असते! भिंतीला पाठ टेकून बसलेल्याला हा खर्ज अंगावर आल्यासारखा वाटतो, तर खोलीच्या मधोमध बसलेल्याला तोच क्षीण ऐकू येतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की तिन्ही बाजूंच्या पृष्ठभागांमुळे मंद्र नाद आणखी फुगतो.

यावर उपाय बहुधा फुकटचा असतो. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणावेत. उंच नाद देणारा लहान स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर असावा. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. उघड्या फरशीवर सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला, तर आवाजातला खणखणाट कमी होतो. मात्र सतरंजीने खर्जाचे घुमणे थांबत नाही. त्यासाठी स्पीकरची नाही तर बैठकीची जागा बदलावी लागते. पुस्तकांनी भरलेले कपाटही ध्वनी विखुरण्याच्या कामी येते, हा वाचनाचा एक दुर्लक्षित लाभ.

खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त फसगत होते ती वॅटच्या आकड्याने. कॅसेटच्या काळात लहानशा संचावरही ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे हजार वॅटचा आकडा झळकत असे. तो क्षणिक शिखराचा आकडा होता आणि तो मोजण्याची सर्वमान्य रीत नव्हती. सलग मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ या आकड्यावरून कळते. पण त्याहूनही महत्त्वाची आहे स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो ते माप. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर शक्ती दुप्पट लागते. म्हणून 92 डेसिबलच्या स्पीकरला 25 वॅट दिले, तर 86 डेसिबलच्या स्पीकरला 100 वॅट देऊन मिळेल तेवढाच आवाज मिळतो. स्पीकरवर 4 किंवा 8 ओहम असे लिहिलेले असते. ते ॲम्प्लिफायरला चालणारे आहे ना, एवढे पाहिले की पुरे. तारांवर मोठा खर्च करण्याचे कारण नाही; साधी, पुरेशी जाड तांब्याची तार घरात उत्तम चालते.

मोठा स्पीकर म्हणजे चांगला स्पीकर, हाही असाच एक समज. तीन इंची स्पीकर 70 हर्ट्झचा नाद नीट देऊ शकत नाही. तरीही त्यावर तंबोऱ्याचा खर्ज जाणवतो, कारण त्या तारेतून 140, 210, 280 असे उपनादही निघत असतात आणि त्यांवरून मेंदू मूळ नाद जुळवून घेतो. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढतात ती हे उपनाद फुलावेत म्हणूनच. तेव्हा लहान खोलीत लहान पण स्वच्छ आवाजाचा स्पीकर घेणे हेच शहाणपणाचे. अब्दुल करीम खाँ (1872-1937) यांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याला तर दोन स्पीकरही लागत नाहीत; त्या ध्वनिमुद्रणात डावे-उजवे नाहीच. माणसाच्या कानाची मर्यादा 20 ते 20,000 हर्ट्झ अशी सांगतात, पण वयाबरोबर वरची बाजू खचत जाते. त्यामुळे साठीच्या श्रोत्याने 40,000 हर्ट्झच्या जाहिरातीसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय.

मग पारख कशी करावी? ज्याचा प्रत्येक श्वास ओळखीचा आहे असे स्वतःचे ध्वनिमुद्रण दुकानात न्यावे आणि दोन्ही जोड्या एकाच आवाजावर ऐकाव्यात. जो स्पीकर किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. प्रथम केवळ तंबोरा ऐकावा, मग गायकाचा स, श यांसारखा उच्चार, मग तबल्याची चाट. ‘स’ टोचतो का? डग्गा घुमतो की थबकून बोलतो? आवाज किरटा, चिरका, बसका, पातळ, भरदार, गोल असे अनेक परींचा असतो. मराठीत या छटांना शब्द आहेत, आणि जो श्रोता ते वापरू शकतो त्याला दुकानदारापुढे आपली गरज नेमकी सांगता येते. शक्य असेल तर पसंत नसल्यास परत घेण्याच्या बोलीवर स्पीकर घरी आणून आठवडाभर ऐकावेत.

घर एकट्याचे नसते, हेही ध्यानी घ्यावे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. त्या वेळेत हळू आवाजातही शब्द स्पष्ट ठेवणारा स्पीकर ज्याच्या घरी आहे, त्याला उत्तररात्रीचा राग शेजाऱ्याची झोप न मोडता ऐकता येतो.

उपक्रम

घरातील रेडिओ किंवा स्पीकर प्रथम कोपऱ्यात आणि नंतर भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवा. दोन्ही वेळा एकच गाणे, एकाच जागी बसून ऐका. आवाजात पडलेल्या फरकाचे वर्णन पाठातील किमान चार विशेषणे वापरून आठ-दहा ओळींत लिहा.