नाव सेझान की व्हर्मीर?

प्रश्न : एएमडीचे रायझेन ५ ५५०० आणि ५६०० हे प्रोसेसर एकाच मालिकेतले. मग सांकेतिक नावं कशाला पाहायची? – एक वाचक, रायपूर

उत्तर : कारण आकडा दुकानासाठी असतो, सांकेतिक नाव आतल्या रचनेचं. दोन्ही सहा कोअरचे, झेन ३ घराण्यातले, पण ५५०० हा ‘सेझान’, ५६०० हा ‘व्हर्मीर’ (एएमडीला चित्रकारांचा भारी सोस!). पहिल्यात एल३ कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३.०, दुसऱ्यात ३२ एमबी आणि ४.०. गेममध्ये हा फरक जाणवतो. नुसत्या टॅली-टायपिंगला काय करायचंय, असं कुणी म्हणेल. खरंच आहे, पण दोघांतही अंगभूत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घ्यावंच लागेल. त्या कामाला सेझानच असलेला ५६००जी बरा, त्यात ग्राफिक्स आहे. म्हणजे नुसतं नावही पुरत नाही. खोक्यावर ते नसतं, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा.